चिनी शिकवायची तर समोर माणूस हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधून मी ३४ वर्षे शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे होते. मी ज्या विषयावर लिहीत आहे त्याचा संबंध चीनशी आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या कानाशी आणि जिभेशी आहे. त्या कानाजिभेशी माझा जुना परिचय आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

यंदा शाळा सुरू झाल्यापासून आमच्या भागात लहान मुलांच्या चिनी भाषावर्गांची पत्रके फिरत आहेत. तालुक्याच्या गावी शाळेच्या फाटकाशी, कृषी केंद्राच्या काउंटरवर, एकदा तर बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांच्या रांगेतही ती मला दिसली. तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी मोबाइलवर किंवा टॅबवर धडे, काही शाळांत आठवड्यातून एक तास, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र आणि पुढे मोठ्या नोकरीची आशा, असा साधारण मजकूर असतो. माझे जुने विद्यार्थी आता पालक झाले आहेत. ते भेटले की विचारतात, ‘बाई, पोराले हे लावू का?’ रस्त्यात उभ्या उभ्या देता येईल असे याचे उत्तर नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राची जागा मागत आहे.

आधी घरचा अनुभव सांगते. माझ्या मुलाने गेल्या वर्षी माझ्या नातवासाठी असाच एक वर्ग लावला. नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. वर्षाची फी १८ हजार रुपये, तीही दरमहा हप्त्याने, आणि सोबत टॅब. धडे आधीच चित्रित केलेले होते. पडद्यावरच्या बाई एक शब्द म्हणत, नातू त्यांच्यामागून म्हणे आणि पडद्यावर सोनेरी तारे पडत. पहिले दोन आठवडे घरात मोठा उत्साह होता. शेजारपाजारची मंडळी ऐकायला येत. तिसऱ्या आठवड्यात नातवाने टॅब आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘आजी, ते मॅडम माह्यं ऐकतच नाही.’ मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लगेच कळला नाही. मग मी त्याला म्हटले, पुढच्या शब्दाला तू नुसते ‘भाकर’ म्हण. तो ‘भाकर’ म्हणाला आणि पडद्यावर तारा पडला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक प्रशिक्षणे घेतली, पण लहान मुलाच्या भाषाशिक्षणाबद्दल इतके नेमके वाक्य मला कोणी सांगितले नव्हते. चिनी भाषेच्या वर्गाची निवड करताना पालकांनी पहिला आणि मुख्य प्रश्न हाच विचारावा: माझ्या मुलाचे कोणी ऐकते आहे का? चिनी नीट बोलणारे एक माणूस मुलासमोर बसते का, मुलाने काढलेला आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचतो का, आणि चूक झाली तर ते मुलाला थांबवून पुन्हा म्हणवून घेते का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकी पत्रकात काय छापले आहे याला फारसे महत्त्व नाही.

ही गोष्ट कोणत्याही भाषेला लागू आहे. पण चिनीच्या बाबतीत तिच्यावाचून गत्यंतरच नाही, आणि त्याचे कारण त्या भाषेच्या घडणीत आहे. आपण जिला चिनी म्हणतो ती बहुधा मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाणभाषा असते. तिच्यात चार स्वर आहेत आणि शिवाय एक हलका, आघात नसलेला उच्चार आहे. येथे स्वर म्हणजे ‘अ, आ’ नव्हे, तर आवाजाचा चढउतार. आपल्या बोलण्यातही चढउतार असतो, पण तो भाव दाखवतो. ‘हो’ हा शब्द संशयाने म्हटला, आनंदाने म्हटला की रागाने म्हटला, तरी तो ‘हो’च राहतो. चिनीत चढउतार बदलला की शब्दच बदलतो. ‘मा’ हा उच्चार उंच आणि सरळ धरला तर आई, खालून वर नेला तर तागासारखे एक झाड, खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा आणि वरून झटक्यात खाली आणला तर रागावणे. विकत घेणे आणि विकणे यांचे चिनी शब्द आपल्या कानाला दोन्ही ‘माइ’ असेच ऐकू येतात. आवाज खाली जाऊन वर आला तर विकत घेणे, झटक्यात खाली पडला तर विकणे. ज्यांचे आयुष्य कापसाच्या बाजारात गेले त्यांना या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागणार नाही. आता जो पडदा ‘भाकर’ आणि ‘माइ’ यांतला फरक ओळखत नाही, तो एका ‘माइ’तून दुसरे ‘माइ’ कसे वेगळे काढणार? मूल वर्षभर चुकीचा स्वर घोकत राहील, त्याला तारे मिळत राहतील, आणि पुढे खऱ्या शिक्षकाला आधी तो घोकलेला स्वर पुसण्यातच महिने घालवावे लागतील. वाकडे वळण लागलेले अक्षर सुधारायला नव्या अक्षरापेक्षा दुप्पट वेळ लागतो, हे पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असते.

याच संदर्भात एका प्रयोगाची माहिती पालकांना असावी असे मला वाटते. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला हा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना सुमारे २५ मिनिटांच्या बारा बैठकांत चिनी ऐकवण्यात आले. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून पुस्तक दाखवी, खेळणी हातात देई, बोले. इतर बाळांना तेच साहित्य पडद्यावर किंवा नुसत्या आवाजात मिळे. ज्यांच्यासमोर माणूस बसले होते ती बाळे चिनी भाषेतील ध्वनींचा फरक ओळखू लागली. पडद्यासमोरच्या आणि नुसता आवाज ऐकणाऱ्या बाळांत तसा काही लाभ दिसला नाही. हा प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे आणि पाच वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य आहे. तरीही माझ्या नातवाने जे सांगितले ते याच्याशी इतके मिळते की, मला ते नजरेआड करता येत नाही.

शिक्षक प्रत्यक्ष असला तरी तो आपल्या मुलांना चिनी कोणत्या वाटेने शिकवतो, हेही पाहावे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन नावाची पद्धत आहे. ती चीनमध्ये १९५८ मध्ये अधिकृत झाली आणि बहुतेक वर्ग तिच्यापासूनच सुरुवात करतात. अडचण अशी की, आपली मुले ती रोमन अक्षरे इंग्रजीसारखी वाचतात. पिनयिनमधील ‘बी’ या अक्षराचा उच्चार ‘ब’ नसून ‘प’ आहे, ‘डी’चा ‘त’च्या जवळचा आणि ‘जी’चा ‘क’. तर ‘पी’, ‘टी’, ‘के’ या अक्षरांचे उच्चार अनुक्रमे फळातला ‘फ’, ‘थ’ आणि ‘ख’ यांच्या जवळ जातात. आपण ज्या शहराला बीजिंग म्हणतो त्याला तिथले लोक जवळजवळ ‘पेइचिंग’ म्हणतात. प-फ, त-थ, क-ख हा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला मुद्दाम शिकावा लागतो. आपल्या पोरांना तो बाराखडीबरोबरच मिळालेला असतो. आपल्या मराठीत ‘च’चेही दोन उच्चार आहेत. चिंचेतला ‘च’ वेगळा आणि चुलीतला, चाकातला ‘च’ वेगळा, आणि चिनीतही हे दोन्ही ‘च’ वेगवेगळे आहेत. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ज्या चिनी यात्रेकरूला आपण शाळेच्या पुस्तकात ‘ह्युएन त्संग’ म्हणून वाचले, त्याचे नाव खरे तर ‘श्वेनचांग’च्या जवळचे आहे आणि त्यातला ‘चां’ हा ‘चांगला’मधला ‘चां’ आहे. इंग्रजीच्या वळणाने गेलो म्हणून आपल्याला ते नाव इतके अवघड वाटत आले.

म्हणून मी पालकांना सांगते की, शिक्षक मराठी ध्वनींचा आधार घेऊन शिकवू शकतो का, हे विचारा. चिनी उत्तम येणारा पण मुलांशी फक्त इंग्रजीत बोलणारा शिक्षक आपल्या गावच्या मुलाला दोन अनोळखी भाषांच्या मध्ये उभा करतो. आणि मूल या वर्गाला बसण्याजोगे झाले आहे का, हे पाहायलाही चिनी येण्याची गरज नाही. डोळे मिटून बसलेल्या मुलाला ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘तर’ आणि ‘थर’, ‘कडा’ आणि ‘खडा’ असे जोडीने शब्द ऐकवावेत आणि दोन्ही शब्द एकच होते की वेगळे, ते विचारावे. दिवसभरात काय झाले ते त्याने आपल्या बोलीत, सलग आठ-दहा वाक्यांत सांगावे. ज्या मुलाला हे सहज जमते त्याचा कान तयार आहे. ज्याला जमत नाही त्याच्यासोबत घरी वर्षभर गोष्टी, गाणी, कोडी करावीत. त्या वर्षात त्याचे काहीही बुडत नाही.

‘लवकर सुरू केले नाही तर दार कायमचे बंद होते’ असे सांगून पालकांना घाबरवले जाते, त्याविषयीही लिहिले पाहिजे. लहान वयात उच्चार अधिक सहज बसतात, हे खरे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही दोन ते आठ या वयात मुले भाषा फार झपाट्याने आत्मसात करतात असे म्हटले आहे, आणि पत्रकांत हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले असते. त्याच धोरणात पायाभूत टप्प्यावर मातृभाषेवर विशेष भर द्यावा असेही म्हटले आहे, परदेशी भाषा माध्यमिक टप्प्यावर देण्याची शिफारस आहे, आणि उदाहरणादाखल दिलेल्या भाषांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन आहेत. २०१९ च्या मसुद्यात चिनीचे नाव होते, अंतिम धोरणात ते नाही. तेव्हा ‘नव्या धोरणानुसार’ असे सांगून कोणी तीन वर्षांच्या मुलाचा चिनी वर्ग विकत असेल, तर ते सांगणे चुकीचे आहे.

मला सर्वांत अधिक विचारात पाडणारी गोष्ट खुद्द चीनमधली आहे. तिथे मूल साधारण सहाव्या वर्षी पहिलीत जाते आणि पिनयिन व चिन्हलेखन यांचे रीतसर शिक्षण तिथून सुरू होते. बालवाडीत पहिलीचा अभ्यास आणू नये असे तिथले धोरण आहे. जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक बंधने घातली. त्यात शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना ऑनलाइन शिकवणी देण्यास मनाई केली आणि प्रत्यक्ष वर्गातही शालेय विषय व परदेशी भाषा यांची शिकवणी घेण्यास बंदी केली. ज्या मुलांच्या घरीदारी चोवीस तास चिनी बोलली जाते, त्यांनाही सहा वर्षांच्या आत पडद्यावर धडे देऊ नयेत असे त्या देशाने ठरवले, आणि इथे आमच्या खेड्यातील साडेतीन वर्षांच्या मुलीसमोर चिनी चिन्हे गिरवण्याच्या वह्या येत आहेत. चीनमधली मुले पहिल्या दोन वर्षांत सुमारे १६०० चिन्हे ओळखायला आणि त्यांपैकी ८०० लिहायला शिकतात, हे खरे; पण ती रोज शाळेत जाऊन, घरी तीच भाषा बोलून शिकतात आणि बोटांत बळ आल्यावर शिकतात. प्रत्येक चिन्हातील रेघा ठरलेल्या क्रमाने काढाव्या लागतात. ज्या हाताला अजून ‘अ’चे वळण नीट जमत नाही त्याच्यावर हा भार टाकू नये. पहिली दोन वर्षे फक्त ऐकणे, बोलणे, गाणे आणि खेळणे असावे. चिन्हे दाखवायचीच असतील तर चित्र म्हणून दाखवावीत: एक, दोन, तीन या अंकांसाठी एक, दोन, तीन आडव्या रेघा आहेत, एक झाड म्हणजे झाड, दोन झाडे म्हणजे राई आणि तीन झाडे म्हणजे दाट वन. मुलांना यात खरोखर आनंद होतो.

आकड्यांचीही गंमत सांगते, कारण गणित शिकवताना मला तिचा हेवा वाटत आला आहे. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’ आणि एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा किती वाद झाला, हे वाचकांना आठवत असेल. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत अडखळणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. चिनीतले शंभरपर्यंतचे अंक आमच्या सहा-सात वर्षांच्या मुलांना थोड्याच दिवसांत येतात आणि त्यातून दशक-एकक ही कल्पनाही पक्की होते. चांगल्या वर्गात हे पहिल्या महिन्यातच दिसले पाहिजे.

सिंगापूरचा दाखला पत्रकांत हमखास असतो. तिथली मुले तिसऱ्या वर्षापासून चिनीच्या पूरक वर्गांना जातात, मग आपली का नको, असा तो युक्तिवाद आहे. सिंगापूरमध्ये १९६६ पासून शाळेत इंग्रजीबरोबर दुसरी भाषा सक्तीची आहे. चिनी वंशाच्या मुलांसाठी ती दुसरी भाषा म्हणजे त्यांची मानली गेलेली मातृभाषा, चिनी. २०२० च्या जनगणनेत तिथल्या ४८.३ टक्के रहिवाशांनी घरी सर्वाधिक बोलली जाणारी भाषा इंग्रजी असल्याचे सांगितले. घरातून आजी-आजोबांची भाषा निसटत चालली आहे आणि शाळेत तिची परीक्षा आहे, म्हणून तिथले पालक पूरक वर्ग शोधतात. त्या पालकांची चिंता मला समजते, पण तिची आमच्याकडची जोडी पाहायची तर ती आमच्याच जिल्ह्यातल्या कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या घरांत किंवा मेळघाटातल्या कोरकू घरांत दिसेल. चिनी वर्गाच्या पत्रकात ती सापडणार नाही.

मग आमच्या भागातल्या पालकांना चिनी हवीच कशाला, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणत नाही. नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियन येथून आले, आमच्या कापसाच्या भावावर चीनच्या खरेदीचा परिणाम होतो हे शेतकऱ्याने पाहिले आहे, आणि फवारणीच्या पंपापासून मोबाइलपर्यंत तिथली यंत्रे घरोघरी आहेत. सीमेवरच्या तणावामुळे त्या देशाची भाषाच शिकू नये हे मत मला पटत नाही. शेजाऱ्याचे बोलणे कळणारी माणसे आपल्याकडे असलीच पाहिजेत. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस निघाले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते; तिथे राहून, रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी बोलून ते चिनी शिकले आणि त्याच भाषेत त्यांनी अखेरपर्यंत काम केले. अलीकडची गोष्ट घ्यायची तर, महामारी सुरू झाली तेव्हा चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी सुमारे २३ हजार होते असे सांगितले जात होते, आणि त्यांतील बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेणारे होते. त्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी चिनीला सुरुवात केली, कारण पुस्तके इंग्रजीत असली तरी रुग्ण चिनी बोलत होता. नोकरीसाठी चिनी लागणारच असेल तर ती त्या वयातही येते.

प्रमाणपत्रावर मी फार वेळ घालवणार नाही. शालेय मुलांसाठी ‘यूथ चायनीज टेस्ट’ ही परीक्षा आहे आणि तिच्या पहिल्या पातळीला ८० शब्द पुरतात. ती द्यायला हरकत नाही, पण तिच्यासाठी वर्षाला अठरा हजार मोजणे योग्य नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेचा अंदाज असा की, इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला कामापुरती चिनी येण्यास वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. आठवड्याला एक तास आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर याचा हिशेब ५५ वर्षांवर जातो. मुलाचे गणित प्रौढापेक्षा वेगळे असते, तरी ‘एका वर्षात अस्खलित’ हे शब्द ज्या पत्रकावर असतील ते बाजूला ठेवावे.

पैशांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आमच्या घरी वर्ग बंद करायचे ठरल्यावरही मुलाच्या खात्यातून तीन हप्ते आपोआप कापले गेले, कारण सुरुवातीला मोबाइलवर दिलेल्या एका संमतीत तशी परवानगी होती आणि ती इंग्रजीत होती. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांबाबत पालकांना सूचना दिल्या होत्या. त्यांत खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या संमतीबद्दल स्पष्ट इशारा आहे. असे घडल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आम्ही केली आणि दोन हप्ते परत मिळाले. सोयाबीनचे पैसे हाती यायच्या दिवसांतच ही मंडळी दारी येतात, म्हणून सही करण्यापूर्वी एक महिना रोखीने भरून पाहण्याची मुभा मागावी, आणि ती मिळत नसेल तर थांबावे.

वर्गात स्वतः अर्धा तास मागे बसल्याशिवाय मूल घालू नये, हे माझे सांगणे आहे. तिथे बसल्यावर मुले किती बोलतात आणि शिक्षक किती बोलतो, हे मोजावे. आठ-दहा मुलांपेक्षा जास्त मुले असतील तर प्रत्येकाचा स्वर ऐकणे शक्य होत नाही. शिक्षक चूक झाल्यावर हातवाऱ्याने चढउतार दाखवतो का, हसत पुन्हा म्हणवून घेतो का, पाच वर्षांच्या मुलांना तासभर एका जागी बसवतो का, हे भाषा न कळताही दिसते. चिनी मुख्य भूमीवर आणि सिंगापूरमध्ये चालणारी सोपी केलेली चिन्हे शिकवणार की तैवान व हाँगकाँगमधली पारंपरिक, हेही एकदा विचारून घ्यावे. दोन वर्षांनी वर्ग बदलावा लागला तर त्याचा उपयोग होतो.

असा शिक्षक खेड्यात कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. आम्हाला तो आमच्याच पंचक्रोशीत मिळाला. शेजारच्या गावचा एक तरुण चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून परत आला आहे आणि इथल्या नोंदणीसाठी लागणाऱ्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. तो एकदा नातवाचे ‘मा’ ऐकत होता. नातू आईला हाक मारतो आहे असे आम्हाला वाटत होते. त्याने सांगितले की हा घोड्याला बोलावतो आहे. त्याने बोटाने हवेत सरळ रेघ काढून दाखवली, नातवाने बोटाकडे पाहत पुन्हा म्हटले आणि तिसऱ्या वेळी त्याला ते जमले. टॅबवर इतके दिवस जे झाले नाही ते आमच्या ओसरीवर चार मिनिटांत झाले.

मी त्याला रविवारचा अर्धा तास मागितला. आता सात मुले येतात. चिंचोके हे त्यांचे पैसे आणि कापसाची बोंडे हा माल. ‘माइ’ खाली जाऊन वर आले तर बोंड मिळते, झटक्यात खाली पडले तर आपले बोंड द्यावे लागते. चूक झाली की सौदा उलटा होतो, म्हणून मुले एकमेकांचा स्वर कान देऊन ऐकतात. लिहिणे नाही, परीक्षा नाही. तो पैसे घेत नव्हता. पालकांनी मिळून दरमहा काही रक्कम ठरवली आहे, कारण शिकवणाऱ्याची वेळ फुकट घेऊ नये असे माझे मत आहे.

असे परत आलेले तरुण-तरुणी विदर्भात आणखीही असतील. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषेचे अभ्यासक्रम चालवले गेले आहेत. तिथून शिकून बाहेर पडलेलेही कोणी आसपास असू शकतात. माझी आपल्याला विनंती आहे की, आपल्या जिल्हा पानावर एक छोटे आवाहन छापावे: ज्यांना चिनी बोलता येते आणि आठवड्यातला अर्धा तास देता येतो, त्यांनी आपल्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नाव नोंदवावे. वाचनालयांच्या कार्यकारिणींनी रविवारी सकाळी एक खोली आणि एक सतरंजी द्यावी. याहून जास्त काही लागत नाही. ज्या गावात असे कोणी सापडणार नाही तिथल्या पालकांनी निःशंकपणे थांबावे आणि मुलाला आपल्या बोलीत भरपूर बोलू द्यावे.

आमची मुले पावसाळ्यात ओसरीवर आणि एरवी अंगणात, रविवारी सकाळी आठ ते साडेआठ बसतात. ज्यांना आपल्या गावी असे काही सुरू करायचे असेल त्या पालकांनी येऊन मागे बसावे आणि पाहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ